कोटाची बेतणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात तरुण कारागिरांपुढे केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस धंद्यातील अनुभवांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. अनुभव पुष्कळ आहेत. परंतु ज्या एका कोटाने आम्हांस कोट शिकविला, त्याच्याविषयीच बोलावे असे वाटते. तो कोट बिघडला होता, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या उमेदवारीच्या काळी बेतणी शिकविण्याची चाल नव्हती. काजे करावीत, गुंड्या लावाव्यात, अस्तर तुरपावे, इस्तरीतले निखारे फुलवावेत, यातच तीन वर्षे गेली. मास्तर कात्री हाती घेत ती दुकानाच्या फळ्या लागल्यावर. आपल्या भाषेत शिंपी कापड नुसते कापीत नाही, तो ते बेततो. म्हणजे कात्री लागण्यापूर्वी सारा कोट त्याने मनात एकदा शिवून पाहिलेला असतो. ते मनातले शिवणे आम्हांस कोणी दाखविले नाही. अखेर एक छापील पुस्तक पैदा केले आणि रात्री खाकी कागदावर आकृत्या काढू लागलो.

पुस्तकाची रीत मोहक होती. छातीचे माप हे सर्वांचे मूळ. छाती ३६ इंच असेल, तर निम्मे १८ हे प्रमाण धरावयाचे आणि बाकीचे त्यावरून काढावयाचे. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या हिश्श्याने ३ इंच, मुंढ्याची खोली चौथ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे सुमारे ९ इंच. ही प्रमाणाची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात, इंचांची पट्टी रुळल्यावर फोफावली. त्यापूर्वी तिकडचे शिंपी गिऱ्हाइकागणिक कागदाची एक लांब पट्टी घेऊन तिच्यावर खाचा पाडून मापे ठेवीत. त्या पट्टीवर आकडा नसे, फक्त त्या एका माणसाचे अंग असे. हा भेद तेव्हा आमच्या ध्यानात आला नाही.

आमच्या गल्लीत प्राथमिक शाळेतील एक गुरुजी राहत. मुलीच्या लग्नाकरिता वर्षभर पैसे बाजूस टाकून त्यांनी काळी लोकरी सर्ज घेतली आणि विश्वासाने आमच्या हाती दिली. आम्ही टेप काढताच गुरुजी कवायतीतल्या शिपायासारखे ताठ उभे राहिले. आम्ही मापे टिपली, पुस्तकाबरहुकूम आकृती काढली, हात मोकळा फिरावा म्हणून मुंढा वरून आणखी एक इंच खाली खोदला आणि काटकसर म्हणून सर्वत्र पाव इंचच माया ठेवली. चार बोटे कापड उरले, त्याचा अभिमानही वाटला!

कच्च्या शिलाईवर कोट अंगात घालून गुरुजी आपल्या नेहमीच्या ढबीने उभे राहिले, आणि आमच्या पोटात धस्स झाले. त्यांच्या पाठीस चांगला बाक होता. मागचा घेर वर उचलला गेला होता, पुढची दोन्ही पाखे खाली एकमेकांवर चढली होती. आणि फळ्यावर लिहावे तसा त्यांनी हात वर केला, तो हाताबरोबर अख्खा कोट वर गेला. गुरुजी काही बोलले नाहीत. "लग्नाला अजून आठ दिवस आहेत," इतकेच म्हणाले.

तो कोट काखेत मारून आम्ही मास्तरांकडे गेलो. त्यांनी तो खुंटीवर लावला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अर्धी चूक तुझी. अर्धी न दाखवणाऱ्याची." नवे कापड आईने दिलेल्या पैशांतून आले. फळ्या लागल्यावर त्या दोन रात्री मास्तरांनी प्रथमच आम्हांस पाटाशेजारी बसवून घेतले.

त्या दोन रात्रींत जे कळले ते असे. वाकलेल्या माणसाची पाठ मानेच्या हाडापासून मुंढ्याच्या रेषेपर्यंत लांब हवी आणि पुढा त्या मानाने आखूड. छाती काढून चालणाऱ्याचे याच्या उलट. छातीचा आकडा दोघांचा एकच असू शकतो, म्हणून ही उंची वेगळी मोजावी लागते. मोजताना गिऱ्हाइकाला बोलते ठेवावे; मुलाबाळांची चौकशी केली की ताठपणा आपोआप गळतो. मुंढ्याचे तर आम्ही नेमके उलटे समजलो होतो. मुंढा बगलेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा. तो खाली गेला की हात उचलताना बाही साऱ्या अंगाला ओढते. बाहीचा माथा मुंढ्याच्या घेरापेक्षा दीड-दोन इंच मोठा ठेवावा आणि ते अधिक कापड ओल्या फडक्यावर इस्तरी फिरवून, एकही चुणी न दिसू देता आत मुरवावे. मागचा खांदा पुढच्यापेक्षा पाव इंच लांब असतो, तोही असाच मुरतो. सुती कापड हे फारसे ऐकत नाही, लोकर ऐकते. छातीतले कॅनव्हास आधी भिजवून वाळवावे, नाहीतर ते पहिल्याच पावसात आटते आणि छाती फुगे धरते. आणि माया! पाठीच्या मधल्या शिवणीत, बगलेत, खांद्यावर इंचभर तरी माया हवीच. आम्ही वाचविलेली चार बोटेच तो कोट वाचवू शकली असती.

गुरुजी लग्नात नव्या कोटात मिरवले. पहिला कोट उसवून आम्ही धाकट्या भावाला बेतला. त्याने तो तीन हिवाळे वापरला, आणि तेवढा काळ आमची चूक रोज सकाळी दारातून शाळेला जात असे.

आज तयार कपड्यांच्या दुकानांपुढे आपली मुले हा धंदा सोडीत आहेत, त्यांना दोष देणे आम्हांस जमत नाही. जे आपण फळ्या लावून केले, ते त्यांना आवडावे कसे? म्हणून येत्या रविवारपासून सकाळी मंडळाच्या सभागृहात पाट उघडा मांडून बेतणी दाखवावी असे आम्ही योजिले आहे. चांगले कापड कोणी आणू नये. जुनी वर्तमानपत्रे, खडू, टेप आणि एखादे विरलेले धोतर पुरे. आणि शक्य झाल्यास, पाठीत बाक असलेला एखादा गृहस्थ बरोबर आणावा.