डेअरीतला लॅपटॉप आणि तीन पोर्ट



अकोले-संगमनेरपासून पार श्रीगोंदा-कर्जतपर्यंत, आपल्या जिल्ह्यात दूध संकलन केंद्र नसलेलं गाव शोधावंच लागेल. सकाळ-संध्याकाळ तिथं कॅनची रांग लागते आणि रांगेच्या तोंडाशी टेबलावर एक लॅपटॉप असतो. आज बोलायचंय ते त्या लॅपटॉपच्या कडेला असलेल्या दोन-तीन यूएसबी पोर्टबद्दल. विषय किरकोळ वाटेल, पण दुधाचा पगार त्या पोर्टांमधूनच जातो.

आधी जोडायचं काय काय ते मोजू. वजनकाटा, फॅट मशीन, पावतीचा प्रिंटर, रांगेतल्या माणसाला दिसेल असा बाहेरचा डिस्प्ले, आकडे मारायला कीबोर्ड, माउस, इंटरनेटचं डोंगल, शिवाय हिशेबाची कॉपी काढायला पेन ड्राइव्ह. आठ वस्तू झाल्या, आणि पोर्ट तीन. जुन्या डेस्कटॉपला मागं भरपूर जागा होती, काटा लावायला नऊ पिनांचा सिरियल पोर्टही होता. पण लाइट गेली की तो बंद. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते म्हणून गावोगाव लॅपटॉप आला. बॅटरी मिळाली, पोर्ट गेले.

मग दुकानातून हब आणतात. एका पोर्टाचे चार होतात आणि काम भागलं असं वाटतं. कागदावर ते खरंही आहे. यूएसबी 1996 साली आलं, ते घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. यूएसबीच्या व्यवस्थेत एका मुळावर 127 उपकरणं बसतात. मग आपली आठच का अडतात?

अडतात ती विजेपायी. साध्या यूएसबी 2 पोर्टातून 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॅट. निळ्या जिभेच्या यूएसबी 3 पोर्टातून 900. एका नळाला चार तोंडं काढली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही, तसंच हे. काटा आणि फॅट मशीन आपल्या अ‍ॅडॅप्टरवर चालतात, त्यांचा भार नसतो. भार होतो तो हबच्या मोकळ्या तोंडाला कुणी मोबाइल चार्जिंगला लावला की, किंवा उकाड्यात छोटा पंखा लावला की. व्होल्टेज खाली येतं, आणि काट्याची तार यूएसबीत आणणारा कन्व्हर्टर क्षणभर डोळा मिटतो. तेवढ्यात काटा आणि सॉफ्टवेअर यांची ताटातूट होते.

आणि मग काय होतं, ते रांगेत उभं राहणाऱ्याला सांगायला नको. लॅपटॉपवर बसलेला मुलगा म्हणतो, "काका, मशीन घेत नाही, हातानं टाकतो." गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून बोलला जातो, त्याखाली पॉइंटापॉइंटाला पैसे कापले जातात. मशीननं 3.5 दाखवलं आणि बोटानं 3.2 पडलं, तर चूक आहे की लबाडी हे कोण ठरवणार? काट्याला वैधमापनवाल्यांचं सील असतं. वायरीला कुणाचंच सील नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की पोर्ट वाटताना मानाचं पान काट्याला आणि फॅट मशीनला द्यावं. ज्या आकड्यावर पैसे ठरतात, त्याची वायर थेट लॅपटॉपला. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, डोंगल हे सगळं हबवर. हब घ्यायचा तो स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरचा. पण त्यातही एक गोम आहे. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि हबचा अ‍ॅडॅप्टर मरतो. मग काही हब लॅपटॉपची वीज ओढून कसेबसे चालतात, काही सरळ झोपतात. तेव्हा हबची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डावरच हवी.

दुसरी भानगड कॉम नंबरची. विंडोज प्रत्येक कन्व्हर्टरला कॉम 3, कॉम 4 असा नंबर देतं आणि सॉफ्टवेअर त्याच नंबरवर काट्याची वाट बघतं. स्वस्तातल्या बऱ्याच कन्व्हर्टरना स्वतःची ओळख नसते. झाडलोट करताना वायर काढून शेजारच्या पोर्टात घातली की नंबर बदलतो. काटा चालू, लॅपटॉप चालू, आणि वजन काही येत नाही. मेकॅनिक शहरातून येतो, दोन मिनिटांत नंबर बदलतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. त्यापेक्षा नेलपॉलिशचे ठिपके द्या: लाल वायर लाल पोर्टात, हिरवी हिरव्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करण्याची जी खूण असते, तीही काढून टाका. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात पोर्ट झोपतो तो तिच्यामुळं.

काटा पडवीत आणि लॅपटॉप आत असेल, तर लांब यूएसबी वायर घेऊ नका. यूएसबी 2 ची वायर पाच मीटरच्या पुढं भरवशाची नाही. सिरियलची तार मात्र पंधरा मीटरपर्यंत साथ देते. म्हणून वाढवायची ती काट्याकडची तार, आणि कन्व्हर्टर लॅपटॉपपाशी ठेवायचा. वायरलेस माउस अडखळत असेल, तर त्याचं बारकं डोंगल यूएसबी 3 वर चालणाऱ्या हार्ड डिस्कपासून लांब लावून बघा.

इतकं करूनही एखादी वस्तू काढावीच लागली, तर पुष्कळ जण बाहेरचा डिस्प्ले काढतात. पावती आहे, मेसेज येतो, मग डिस्प्ले कशाला, असा हिशेब. मला तो पटत नाही. काढायचाच तर प्रिंटर काढा. दूध काट्यावरच्या भांड्यात आहे तोवर माणूस म्हणू शकतो, "थांब, पुन्हा बघ." टाकीत ओतल्यावर मोबाइलवर आकडा आला, तर वाद घालायला दूध कुठून आणायचं?