मोडीचा शनिवार
(गणेशोत्सवातील सभेत केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला ‘मोडी वर्गा’विषयी बोलायला सांगितले आहे. वर्ग हा शब्द जरा मोठाच झाला. मास्तर नाहीत, हजेरी नाही, परीक्षा तर नाहीच. शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण सतरंजीवर कागद पसरून बसतो, एवढेच. सर्वांत धाकटा सभासद चौतीस वर्षांचा आहे.

बडोद्यातल्या आपल्या कितीतरी घरांत माळ्यावर मोडी कागद आहेत. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि पणजोबांचे अक्षर घरातच परके झाले.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग होता होईल तो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्दाशब्दांत अंतर नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे मुळाक्षरे आली तरी वाचन येत नाही. पुढचा शब्द कोणता असू शकेल, हे आधी ठाऊक असावे लागते.

इथे वय कामाला येते. एका घरखर्चाच्या वहीत आमच्या इंजिनिअर सभासदाने ‘भोजन’ वाचले. खाली दूध, दही, तूप, मध, साखर, पुढे सवाष्णी आणि कुमारिका. शेजारच्या आजी म्हणाल्या, “अरे, भोजन कसलं? बोडण आहे ते!” आजींची मोडी अजून अडखळत चालते, पण बोडण त्यांनी माहेरी पाहिलेले होते. दुसरे एक सभासद बँकेतून निवृत्त झालेले. सलास म्हणजे तीन, अर्बा म्हणजे चार, शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, हे कोष्टक त्यांनी हौसेने पाठ केले. शाळेत सनावळ्यांचा त्यांना तिटकारा होता म्हणे!

“याचे सर्टिफिकेट मिळते का?” असे काही जण विचारतात. मिळत नाही. ज्यांना तेच हवे त्यांनी रीतसर वर्गाला जावे, आमची हरकत नाही. पण बोडण कोणत्याही अभ्यासक्रमात सापडले नसते.

घाई मात्र आहे. असे शब्द जाणणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत एका घरातली दोन गाठोडी आम्ही पोहोचण्याआधीच रद्दीत गेली. यंदा माळा काढाल तेव्हा कागद बाजूला ठेवा आणि शनिवारी घेऊन या. घरातल्या आजी-आजोबांनाही आणा. चहा मंडळाचा, चष्मा ज्याचा त्याने आणायचा.