वाघाचं पुढचं जेवण

पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला वाघ दिवसभर सावलीत पडलेला दिसला, की लोक म्हणतात, पोट भरलंय, भूक लागली की उठेल. हे अर्धंच खरं आहे. जनावर पुन्हा अन्नाच्या मागे कधी लागणार, हे पोटाइतकंच पुढच्या घासाला किती कष्ट पडणार यावरही ठरतं.

अमेरिकेत जॉर्ज कॉलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खटका ठरावीक वेळा दाबला की जेवण खुलं, मग हवं तेवढं खावं. दाबण्याची संख्या ते वाढवत गेले. उंदीर कमी वेळा जेवू लागले, पण दर वेळी जास्त खाऊ लागले. दिवसाचा आहार जवळपास तेवढाच राहिला.

जंगलातही तेच दिसतं. चितळाचं गवत समोरच असतं, म्हणून ते सकाळ-संध्याकाळ चरतं आणि मधल्या वेळात रवंथ करतं. वाघाला मात्र सांबर गाठायचं असतं आणि त्याच्या बहुतेक झडपा वाया जातात. मोठी शिकार साधते ती साधारण आठवड्यातून एकदा. पिल्लं असली तर वाघिणीला त्याहून लवकर करावी लागते. म्हणून हाती आलेली शिकार तो दाट झाडीत ओढून नेतो, पालापाचोळ्यानं झाकतो, पाणी पिऊन परत येतो. असे दोन-चार दिवस तो तिच्या आसपासच असतो. आपल्याला आळस वाटतो, ती खरं तर राखण असते.

ही राखण आपण मोडतो, याचं मला फार वाईट वाटतं. वाघानं गाय मारली की गाव गोळा होतं, आरडाओरडा होतो, वाघ अर्धपोटी निघून जातो. मग त्याला दुसरं जनावर मारावंच लागतं, आणि ते बहुधा जवळपासच्याच गोठ्यातलं असतं. तो परत येतो हे ठाऊक असल्यामुळेच कुणी मेलेल्या जनावरावर विष टाकतं. असं कृपा करून कुणीही करू नका.

पारशिवनी, रामटेक, भिवापूरकडच्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. ढोर मारलं गेलं तर लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा होऊ द्या, भरपाई मागा. ती तुमच्या हक्काची आहे. तोवर ते जागेवरून हलवू नका. गावाला अगदी लागून असेल तर काय करायचं ते वनखात्याला ठरवू द्या.

आणखी एक. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. अस्वल आणि चितळ त्याच वेळेला झाडाखाली येतात, चितळाच्या मागावर वाघही असू शकतो, आणि आपल्या बाया टोपल्या घेऊन अंधारातच तिथं पोचतात. उशिरा गेलं तर काही फुलं जनावरं खातील आणि तेवढी कमाई बुडेल, याची मला जाणीव आहे. तरीही चांगलं उजाडल्यावर, चार-पाच जणींनी मिळून, बोलत बोलत जा. वेचताना एकीनं उभं राहून चौफेर नजर ठेवा.