लॅपटॉप आता घ्यावा की थांबावं?



नवा लॅपटॉप आता घ्यावा,
की पुढच्या मॉडेलची वाट बघावी?

नवं मॉडेल दरवर्षी येतंच.
म्हणून आधी गरज बघा.
काम अडलंय? मग आजच घ्या.

जुना चालतोय? मग थांबा.
नवं आलं, की मागच्या वर्षीचं मॉडेल बहुधा स्वस्त होतं.
आणि खरं सांगू?
घरच्या कामाला ते पुरतं.

जुना नुसता मंदावलाय?
हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून बघा.
पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.
मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट
ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय.
तुमच्या लॅपटॉपवर ११ चालतं का, ते तपासा.

पुन्हा सांगते, आधी गरज, मग मॉडेल.

घेताना रॅम पुरेशी घ्या.
अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते.
नंतर वाढवता येत नाही.