भिंतीवरचा शिपाई

आमच्या मुरबाडच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक फोटो आहे. माझ्या सासूबाईंचे वडील. मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले ते परत आले नाहीत. सासूबाई तेव्हा तीन वर्षांच्या. बाप आठवत नाही, हा फोटो म्हणजेच बाप.

गेल्या पावसाळ्यात कौलं गळली आणि फोटो काचेला चिकटला. मी ओलं फडकं घेऊन पुसायलाच निघाले होते, मुलीनं हात धरला. अशा जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा. पाणी लागलं की फुगतो, चेहराच फडक्यावर येतो. चिकटलेला फोटो ओढूही नये. काचेसकट स्कॅन करायचा आणि दुरुस्ती त्या कॉपीवर. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच.

पहिल्या दुकानदारानं कॉम्प्युटरवर फोटो चकाचक करून दिला. रंग गोरा, नाक सरळ. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो कोण गं? माझा बा नाय हा." पैसे गेले. दुसऱ्याला बजावलं, डाग नि चिरा तेवढ्या भर, चेहऱ्याला हात लावू नको.

तेव्हा बाहीवरच्या दोन फिती स्पष्ट दिसल्या. घरात सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. पण एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. सुभेदाराला खांद्यावर तारे असतात. दीर म्हणाले, "वहिनी, दोन तारे टाकून घ्या, कोणाला कळतंय?" मी नाही म्हटलं. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते यशवंत घाडगेही नाईकच होते. 10 जुलै 1944 ला इटलीत सोबतचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणानंतर.

चौकटीचा पुठ्ठा काढला तर फोटोमागे पेन्सिलनं पलटणीतला नंबर होता. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या वेबसाईटवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं फुकट शोधता येतात. भाचीनं आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं. तिसऱ्या वेळी सापडलं, नंबरही जुळला. इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांवर जणांमध्ये. घाडग्यांचं नावही तिथंच आहे.

नावापुढे मृत्यूची तारीख होती. सासूबाई इतकी वर्षं सर्वपित्रीला पान ठेवायच्या, कारण तिथीच ठाऊक नव्हती. आता गुरुजींकडून तिथी काढून आणलीय.