मोरीपासून यमुनेपर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून भाषा, इतिहास, संस्कृती अशा भारदस्त विषयांवर बोलावे, असा संकेत आहे. आम्ही मात्र आज भांडी घासण्याविषयी बोलणार आहोत. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली हाताळल्यानंतर हा विषय अधिक उपयुक्त आहे, अशी आमची नम्र समजूत झाली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीची गोष्ट. येथे दिल्लीत आमच्या घरी हळदीकुंकू होते. भांडी घासणाऱ्या बाईंना सौभाग्यवती तिळगूळ देऊ लागल्या, तेव्हा त्यांनी हात पुढे न करता पदर पसरला. कारण विचारले, तेव्हा संकोचाने तळहात दाखविला. पेरापेरांशी भेगा पडल्या होत्या, एकीतून रक्त येत होते. करपलेली कढई लख्ख व्हावी म्हणून जहाल पावडर बाजारातून आम्हीच आणली होती. आमच्या ओट्यावरील चकाकीची किंमत कोण मोजीत होते, ते त्या दिवशी कळले.

आणि ते पाणी पुढे जाते कोठे? पावसाळा सरला की कालिंदी कुंजजवळ यमुनेवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगतात. छठपूजेच्या व्रतस्थ स्त्रिया त्या फेसात उभ्या राहिलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. शुद्धीकरण न होता नाल्यांतून आलेल्या सांडपाण्यात साबण-पावडरींचे अंश असतात. ओखला बंधाऱ्यावरून ते पाणी कोसळून घुसळले जाते आणि फेस उठतो. त्या फेसात आपल्या मोरीचाही वाटा आहे.

मग आम्ही आजीच्या मोरीची आठवण केली. तेथे राख, चिंच, रिठे आणि नारळाची शेंडी एवढेच साहित्य असे. त्यामागे साधे शास्त्र आहे. डाग तीन प्रकारचे. तेलकटपणास क्षार हवा. लाकडाच्या राखेत तो असतो. आता चुली गेल्या, म्हणून खाण्याचा सोडा घ्यावा. तांब्या-पितळेच्या काळवंडीस आणि नळावरच्या पांढऱ्या खरपुडीस आंबट हवे. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर. दिल्लीचे पाणी जड असल्याने या खरपुडीचा परिचय आपणांस नव्याने करून द्यावयास नको. तिसरा डाग करपल्याचा. त्यास बळ नव्हे, वेळ हवा. कढईत पाणी व दोन चमचे सोडा घालून उकळी आणावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी शेंडीने खरवड सुटते.

रोजच्या भांड्यांसाठी रिठ्याचे पाणी करावे. पंधरा-वीस रिठ्यांच्या बिया काढून टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी पंधरा मिनिटे उकळावीत, निवल्यावर कुस्करून गाळावीत. हे पाणी शीतकपाटात ठेवून आठवड्यात संपवावे. फेस कमी येतो. परंतु फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, हे एकदा मनाने घेतले की अडचण उरत नाही.

आमची फजितीही सांगितली पाहिजे. नागपूरहून आलेल्या संत्र्यांची साले वाया जाऊ नयेत म्हणून एक भाग गूळ, तीन भाग साले आणि दहा भाग पाणी असे मिश्रण आंबवावयास ठेवले. तीन महिन्यांनी ते गाळून ओटा-फरशी पुसण्यास वापरतात. आम्ही काचेची बाटली काठोकाठ भरली आणि बूच घट्ट लावून दौऱ्यावर गेलो. चौथ्या रात्री बाटली फुटली. परतल्यावर ‘साहेबांचा प्रयोग’ अजून छतावर आहे, असे आम्हांस ऐकविण्यात आले. बाटली प्लॅस्टिकची घ्यावी, तृतीयांश रिकामी ठेवावी आणि पहिला महिना रोज बूच सैल करून वायू जाऊ द्यावा.

आणखी काही सावधगिरी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून साठवू नयेत. बुडबुडे पुष्कळ येतात, पण दोघांचे गुण परस्परांत विरून जातात. ब्लीचिंग पावडरीत लिंबू, व्हिनेगर वा कोणतेही आम्ल कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. संगमरवरी ओट्यावर आंबट लावू नये, तो खातो. ॲल्युमिनिअमच्या भांड्यांस सोडा लावल्यास ती काळी पडतात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि तळ्या-ओढ्यांतही ओतू नये, कारण ते माशांस मारक असते. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, असा भाबडेपणा नको.

बाजारातील सर्व साबण त्याज्य आहेत, असेही आमचे म्हणणे नाही. पर्यावरणास कमी अपायकारक वस्तूंसाठी भारत सरकारने १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना सुरू केली व मातीचे मडके हे तिचे चिन्ह ठरविले. २०२४ साली तिचे नियम नव्याने अधिसूचित झाले. खरेदी करताना तेवढे पाहावे.

त्या बाईंच्या हाताचे काय झाले? पावडर बंद केली, रबरी हातमोजे आणले, डॉक्टरांकडून मलम घेतले. भेगा भरावयास चार महिने लागले. श्रेय केवळ रिठ्यास देता येणार नाही. परंतु गेल्या संक्रांतीला तिळगूळ त्यांनी तळहातावर घेतला.

शेवटी एक विनंती. आपल्या गणेशोत्सवात महाप्रसादाची पातेली मंडळाच्या अंगणात घासली जातात आणि ते पाणी मागच्या नाल्यात जाते. यंदा तेथे दोन पिंप रिठ्याचे पाणी ठेवावे. रिठे आम्ही आणू, आणि पहिले पातेले घासावयासही आम्हीच बसू.