मिरजेचं पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला आली, तेव्हा मी तिथेच राहत होतो. गल्लीत टँकर आला की घागरींवरून भांडणं. मीही भांडलोय. एकदा शेजारच्या काकूंनी पहिला तांब्या दारातल्या तुळशीला घातला. मी चिडलो. "अरे, तीही तहानलेलीच ना," म्हणाल्या, आणि उरलेल्यातली अर्धी घागर आमच्या अम्मीच्या माठात ओतली.

आता नळाला पाणी येतं. हंडा भरत आला की धारेचा आवाज बारीक होत जातो. तो ऐकत मी उगाच उभा राहतो, बायको हसते. मिरजेच्या लोकांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. ते आज इथे मानतो.